पायांनी राखलेल्या वाटा

मे महिन्यात इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्याबाहेर पडलं की गव्हाचं शेत लागतं. पीक गुडघ्याएवढं झालेलं असतं आणि त्या उभ्या पिकाच्या मधोमध, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत, मीटरभर रुंदीची मोकळी पट्टी गेलेली असते. तिच्यावरून पाठीला पिशव्या लावलेली पंधरा-वीस माणसं एकामागोमाग एक चाललेली दिसतात. शेत त्यांचं नसतं, शेतकरी त्यांच्या ओळखीचा नसतो आणि त्यांनी कुणाची परवानगीही घेतलेली नसते. तरी कुणी त्यांना हटकत नाही. आपल्या शेतकऱ्याला हे दृश्य दाखवलं तर त्याचा पहिला प्रश्न असेल, 'पिकातून वाट ठेवलीच कशाला?'

उत्तर कायद्यात आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे २ लाख २५ हजार किलोमीटर लांबीच्या अशा सार्वजनिक पायवाटा, घोडेवाटा आणि गाडीवाटा आहेत. जमीन खाजगी, पण तिच्यावरून जाण्याचा हक्क सगळ्यांचा. कायद्याच्या लेखी ही पायवाट म्हणजे हायवेच. मोटारींच्या महामार्गावर अडथळा उभारणं जसं बेकायदा, तसंच पायवाटेवर तारेचं कुंपण घालणंही बेकायदा. शेताच्या मधून वाट जात असेल तर शेतकऱ्याला पेरणीसाठी ती नांगरता येते, मात्र १४ दिवसांच्या आत चालण्याजोगी करून द्यावी लागते. त्याच हंगामात पुन्हा मशागत केली तर २४ तासांत. नोंदीत वेगळी रुंदी नसेल तर मधली पायवाट किमान १ मीटर रुंद हवी आणि पीक तिच्यावर वाढू द्यायचं नाही. शेताच्या कडेनं जाणारी वाट असेल तर तिला नांगर लावायचाच नाही. १९९० च्या कायद्यानं हे सगळं बारकाईनं लिहून ठेवलेलं आहे.

पण कायदा कागदावर असून भागत नाही. या वाटा शिल्लक आहेत त्या सुट्टीच्या दिवशी गटागटानं चालणाऱ्या सामान्य माणसांमुळे. त्यांनी त्या वापरल्या, वापरता याव्यात म्हणून भांडण केलं, वेळप्रसंगी ते तुरुंगात गेले. रानातून आणि जुन्या गावांतून रमतगमत चालणं हा इंग्रजांचा शांत छंद आहे असं बाहेरून वाटतं. त्याच्या मागचा इतिहास मात्र मुळीच शांत नाही.

हे समजून घ्यायचं तर एका खऱ्या वाटेवर जायला हवं. लंडनच्या पश्चिमेला चिल्टर्न नावाच्या खडूच्या टेकड्या आहेत. त्यांच्या कुशीत हॅम्बल्डनची दरी आहे. हॅम्बल्डन, स्कर्मेट, फिंजेस्ट, टर्व्हिल ही गावं इथं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि त्यांच्यामध्ये बीच वृक्षांची दाट रानं. अनेक गट इथं वर्षभर येतात.

सकाळी दहाच्या सुमारास माणसं गावाच्या वाहनतळावर जमतात. मोटारीची मागची झडप उघडून, तिच्या काठावर बसून, घरचे जोडे काढून चालायचे बूट चढवले जातात. वाट दाखवणारा स्वयंसेवक, म्हणजे लीडर, आदल्या एक-दोन आठवड्यांत तीच वाट स्वतः चालून आलेला असतो. कुठे झाड आडवं पडलंय, कुठे चिखल घोट्यापर्यंत आहे, दुपारी जेवायला कुठला पब उघडा आहे, हे त्यानं पाहून ठेवलेलं असतं. निघण्यापूर्वी तो डोकी मोजतो आणि एकाला मागे राहायला सांगतो. या मागच्या माणसाचं काम साधं पण मोलाचं असतं. त्याच्या मागे कुणी उरता कामा नये. वाट फुटते तिथे पुढचे थांबतात, मागचा दिसल्याशिवाय पुढे निघत नाहीत. गटात सत्तरी ओलांडलेल्या बायका असतात, नुकतीच निवृत्ती घेतलेले मास्तर असतात, शहरात एकटे राहणारे तरुण असतात. वेळेचा हिशेब बऱ्याचदा अजूनही नेस्मिथच्या नियमानं होतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये तो मांडला. सपाटीवर ३ मैलांना १ तास आणि चढाच्या दर २,००० फुटांना आणखी १ तास. गप्पा मारत चालणाऱ्या गटाला यापेक्षा जास्तच वेळ लागतो.

लीडरच्या गळ्यात नकाशा असतो. ऑर्डनन्स सर्व्हे ही सरकारी नकाशासंस्था १७९१ साली लष्करी गरजेतून सुरू झाली. फ्रान्सचं आक्रमण झालं तर तोफा कुठून न्यायच्या, ही तेव्हाची चिंता. आज तिचा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा चालणाऱ्यांचा खरा सोबती आहे. त्यात ४ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. शेताचं प्रत्येक कुंपण त्यात दिसतं आणि सार्वजनिक वाटा हिरव्या तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. जमिनीवर त्याच वाटांना छोटे बाण ठोकलेले असतात. पिवळा बाण फक्त पायी जाणाऱ्यांसाठी, निळा असेल तर घोडेस्वार आणि सायकलवालेही चालतात.

हॅम्बल्डन गावाच्या भिंती पाहून पुण्या-साताऱ्याचा माणूस थबकेल. विटांच्या चौकटी आणि त्यांत बसवलेले काळे-करडे, काचेसारखी चकाकी असलेले गारगोटीचे दगड. जवळ जाऊन हात लावला तर दगड अर्धा फोडून त्याची सपाट बाजू बाहेर ठेवलेली दिसते, बाकी गोलवट भाग चुन्यात रुतलेला. या टेकड्यांचा खडू मऊ आहे, बांधकामाला तो फारसा कामाचा नाही. पण त्या खडूतच गारगोटीचे थर सापडतात. शेत नांगरलं की हे दगड वर येतात. लांबून चांगला दगड आणणं परवडत नव्हतं, म्हणून गावानं शेतातला दगड उचलला आणि कोपऱ्यांना, खिडक्यांच्या कडांना विटा लावल्या, कारण गारगोटीला सरळ कोपरा काढता येत नाही. ज्याला आज आपण देखणेपण म्हणतो ते मुळात अडचणीतून निघालेलं आहे. सह्याद्रीतलं घर काळ्या बेसॉल्टचं आणि कोकणातलं जांभ्याचं असतं, त्यामागे हीच गोष्ट आहे.

या गावाच्या चर्चशी दोन नावं जोडलेली आहेत. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात हलक्या घोडदळाच्या त्या गाजलेल्या, आत्मघाती चढाईचं नेतृत्व करणारा लॉर्ड कार्डिगन हॅम्बल्डनमध्ये जन्मला. आणि रेल्वे स्टेशनांवर पुस्तकांचे स्टॉल थाटून मोठा झालेला, पुढे मंत्री बनलेला डब्ल्यू. एच. स्मिथ इथल्या दफनभूमीत आहे. गटातला कुणीतरी जाणता चर्चच्या फाटकापाशी दोन मिनिटांत हे सांगतो आणि सगळे पुढे निघतात. या चालण्यातला इतिहास असा वाटेवर, उभ्या उभ्या मिळतो.

गाव संपलं की पहिलं कुंपण येतं. त्यावर चढून पलीकडे उतरायला दोन फळ्या आडव्या ठोकलेल्या असतात, त्याला स्टाइल म्हणतात. काही ठिकाणी अर्धगोल कठड्यात झुलणारं लहान फाटक असतं. एकेका माणसाला त्यातून वळून जाता येतं, गाईला नाही. गुडघे दुखणाऱ्यांना फळ्यांवर चढणं जमत नाही, म्हणून चिल्टर्नमधले स्वयंसेवक बरीच वर्षं फळ्या काढून त्या जागी फाटकं बसवत आहेत. फाटक जसं असेल तसंच ठेवायचं हा इथला पहिला शिष्टाचार. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. उघडं फाटक पाहून एखाद्या भल्या माणसानं ते लावलं, तर पलीकडची गुरं पाण्यावाचून अडकू शकतात.

गुरांचंही कायद्यात येतं. वाट असलेल्या शेतात होल्स्टीन, फ्रीझियन, जर्सी, गर्न्सी अशा दुभत्या जातीचा १० महिन्यांपेक्षा मोठा वळू मोकळा सोडता येत नाही. मांसासाठी पाळलेल्या जातींचा वळू मात्र गाई-कालवडींच्या बरोबर असेल तर चालतो. दुभत्या जातींचे वळू जास्त मारके म्हणून हा फरक. खरं तर चालणाऱ्यांना जास्त धोका वळूपेक्षा वासरं असलेल्या गाईंचा असतो, त्यातही बरोबर कुत्रा असेल तर. गाय अंगावर आलीच तर कुत्र्याची दोरी सोडून द्या, असा सरकारी सल्ला आहे. कुत्रा पळून जातो, आणि गाईचा राग कुत्र्यावर असतो.

आता चढ लागतो आणि रान सुरू होतं. इथे रेंगाळायलाच हवं. एप्रिलच्या शेवटी आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात या रानाची जमीन निळी होते. ब्लूबेल ही वीतभर उंचीची कंदवर्गीय फुलं लाखोंनी उमलतात आणि झाडांच्या बुंध्यांमधून नजर पोचेल तिथपर्यंत निळाई पसरते. जगातल्या ब्लूबेलपैकी जवळपास निम्मी ब्रिटनमध्ये आहेत असं वनस्पतितज्ज्ञ मानतात. ती याच दिवसांत का फुलतात याचं कारण वर पाहिलं की कळतं. बीचची पानं एकदा पूर्ण उलगडली की खाली गडद सावली पडते आणि जमिनीवर फारसं काही जगत नाही. त्यापूर्वीचे थोडेच आठवडे ऊन जमिनीपर्यंत पोचतं. तेवढ्यात ब्लूबेलला पानं काढून, अन्न साठवून, फुलून, बी धरून मोकळं व्हायचं असतं.

बी रुजल्यापासून फूल यायला पाच वर्षं तरी लागतात. पानं पायाखाली चिरडली तर त्या वर्षी कंदाला अन्न मिळत नाही आणि तो भाग सावरायला अनेक वर्षं जातात. म्हणून या दिवसांत लीडर सगळ्यांना एका रांगेत, वाटेवरूनच चालवतो. फोटोसाठी दोन पावलं आत जाणाऱ्याला तो लगेच टोकतो आणि ते बरोबरच आहे. शिवाय जमीनमालकाच्या परवानगीशिवाय कुठलीही रानवनस्पती मुळासकट उपटणं १९८१ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

ब्लूबेलची दाट चादर हा रानाच्या वयाचा पुरावाही असतो. हे फूल फार सावकाश पसरतं. नव्यानं लावलेल्या झाडीत ते सहसा दिसत नाही. इंग्लंडमध्ये निदान १६०० सालापासून सलग रान असलेल्या जागेला प्राचीन रान म्हणतात. नियोजनबद्ध वृक्षलागवड त्याआधी फारशी होत नसे, म्हणून ते साल धरलं आहे. अशी रानं आता ब्रिटनच्या जमिनीच्या अडीच टक्क्यांच्या आसपास उरली आहेत. वाटेच्या कडेला मातीचा बुटका, गोलवट झालेला बांध आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला चर दिसला तर समजावं, ही मध्ययुगातली रानाची हद्द. आतल्या कोवळ्या फुटव्यांना बाहेरच्या गुरांनी खाऊ नये म्हणून हा बांध घातलेला.

फुटवे म्हणजे काय, तर इथलं रान शतकानुशतकं राबलेलं रान आहे. हेझल, अ‍ॅश अशी झाडं जमिनीलगत तोडायची, बुंध्यातून अनेक सरळ फांद्या फुटू द्यायच्या आणि काही वर्षांनी पुन्हा तोडायच्या. झाड मरत नाही, उलट आयुष्य वाढतं. चिल्टर्नचं सरपण थेम्स नदीवरच्या नावांतून लंडनच्या चुलींना जायचं. पुढे दगडी कोळसा स्वस्त झाला, सरपणाचा धंदा बसला आणि मग या रानाला वाचवलं खुर्चीनं. शेजारचं हाय विकम हे शहर एकोणिसाव्या शतकात खुर्च्यांचं माहेरघर झालं. १८७५ च्या सुमारास तिथे दिवसाला ४,७०० खुर्च्या बनत असा अंदाज आहे. विंडसर पद्धतीच्या या खुर्चीची बैठक एल्मच्या लाकडाची आणि पाय बीचचे. पाय बनवणारे कारागीर, ज्यांना बॉजर म्हणत, रानातच झोपडी घालून काम करत. ताजं ओलं लाकूड फोडायचं आणि पायानं चालणाऱ्या कातणीवर फिरवायचं. कातणीला वीज नाही की चाक नाही. वर एक लवचीक दांडी, तिच्यापासून निघालेली दोरी लाकडाला वेढा घालून खालच्या पायट्याला बांधलेली. पायटा दाबला की लाकूड फिरे, सोडला की दांडी ते उलटं फिरवून जागेवर आणी. तयार पायांच्या राशी रचून वाळवायच्या आणि गाडीतून शहरात पाठवायच्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत असे शेवटचे काही कारागीर इथं काम करत होते.

रानात जागोजागी आयताकृती खळगे दिसतात, पालापाचोळ्यानं अर्धे भरलेले. अनोळखी माणसाला ते पडीक विहिरीसारखे वाटतात. ते करवतीचे खड्डे आहेत. ओंडका खड्ड्यावर आडवा ठेवायचा, एक करवत्या वर उभा आणि दुसरा खड्ड्यात, आणि दोघांनी लांब करवत वर-खाली ओढायची. खालच्या माणसाच्या डोळ्यांत दिवसभर भुसा पडायचा. त्या माणसांची नावं कुठल्याही चर्चच्या भिंतीवर नाहीत. पण मला या सगळ्या वाटेवर कार्डिगनच्या आठवणीपेक्षा हे खड्डे जास्त महत्त्वाचे वाटतात. रान टिकलं ते त्याच्यावर कुणाचं तरी पोट होतं म्हणून.

झाडी संपून उघड्या उतारावर आलं की डोक्यावर लालसर, खोल दुभंगलेल्या शेपटीची घार फिरताना दिसते. आपल्या घारीची ही अगदी जवळची नातेवाईक. एकोणिसाव्या शतकात माणसांनी मारून मारून ती इंग्लंडमधून संपवली होती. १९८९ पासून पाच वर्षांत मुख्यतः स्पेनमधून आणलेली सुमारे ९० पिल्लं याच टेकड्यांवर सोडली गेली. आज ती इथं इतकी आहे की अलीकडे इंग्लंडमधून स्पेनला पिल्लं पाठवली गेली.

फिंजेस्टच्या चर्चचा नॉर्मन काळातला अवाढव्य चौकोनी मनोरा आणि त्यावरचं जोड-छप्पर दुरून ओळखू येतं. तिथून पुढे टर्व्हिल. टेकडीवर पांढरी पवनचक्की आणि खाली कौलारू घरांचा झुबका. १९६८ सालच्या 'चिटी चिटी बँग बँग' या चित्रपटात ती चक्की दिसली आणि तेव्हापासून हे गाव पडद्यावर अनेकदा आलं. गाव सुंदर आहे, यात वाद नाही. पण एक गोष्ट बोलायला हवी. १९६७ च्या कायद्यानं अशा गावांना संरक्षित क्षेत्राचा दर्जा मिळू लागला, त्यामुळे भिंती, छपरं, खिडक्या टिकल्या. शेतमजूर आणि करवत्यांच्या त्या झोपडीवजा घरांची किंमत मात्र आता अशी आहे की त्यांच्या नातवंडांना ती परवडणार नाहीत. घरं राहिली, ती बांधणाऱ्यांची माणसं पांगली. पब कसाबसा तग धरतो, तो बऱ्याच अंशी रविवारी चिखलाचे बूट दाराशी काढून सूप मागवणाऱ्या या गटांवर.

मग या वाटा आल्या कुठून? बहुतेक वाटा कुणी आखलेल्याच नाहीत. मजूर शेतावर जायचे, बायका दळण घेऊन गिरणीवर, पोरं शाळेत, गाव चर्चला, आणि दूरच्या वाडीवरचं प्रेत खांद्यावरून मूळ गावच्या दफनभूमीत. गटानं चालण्याची पद्धतही जुनीच. वसंतात, ईस्टरनंतर पाचेक आठवड्यांनी, गावकरी पाद्र्यासह गावाच्या शिवेवरून फेरी काढत आणि हद्दीच्या दगडांवर काठ्या मारत. नकाशे नव्हते, तेव्हा शीव पोरांच्या लक्षात राहावी म्हणून ही तजवीज होती. काही गावं आजही ती फेरी काढतात.

मग गावकीच्या मोकळ्या जमिनींना कुंपणं पडली. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेनं यासाठी ५,२०० हून अधिक कायदे केले आणि ६८ लाख एकर जमीन खाजगी मालकीत बांधली गेली. अनेक वाटा त्यात गेल्या. विशेष म्हणजे त्यांच्यासाठी उभी राहिली ती कारखान्यांची शहरं. मँचेस्टरमध्ये पुरातन पायवाटा वाचवण्यासाठी संस्था निघाली ती १८२६ मध्ये. गिरणीत आठवडाभर धूर खाणाऱ्याला रविवारी टेकडी हवी होती. १८९६ मध्ये बोल्टनजवळ विंटर हिलवर एका जमीनदारानं वाट बंद केली, तेव्हा हजारोंचा जमाव फाटक तोडून वर गेला.

सगळ्यात गाजलं ते २४ एप्रिल १९३२ चं किंडर स्काउट. मँचेस्टर आणि शेफील्डच्या मधलं हे माळरानाचं पठार ग्राउझ पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेलं होतं आणि वर्षातले थोडेच दिवस शिकार चालायची. त्या रविवारी हेफील्ड गावाजवळच्या खाणीतून सुमारे ४०० तरुण कामगार वर निघाले. पुढे होता विशीतला बेनी रॉथमन. रखवालदारांशी झटापट झाली. खाली उतरल्यावर अटक झाली आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा ठोठावल्या गेल्या. आरोप दुसऱ्याच्या जमिनीत शिरल्याचा नव्हता, कारण तो तेव्हा फौजदारी गुन्हाच नव्हता. शिक्षा दंगलीच्या आणि मारहाणीच्या कलमांखाली झाल्या. चालणाऱ्यांच्या अधिकृत संघटनांनीही आधी या उपक्रमाला विरोध केला होता. पण शिक्षा ऐकून लोकमत फिरलं. १९३५ मध्ये देशभरच्या संघांची मिळून रॅम्बलर्स ही संघटना उभी राहिली. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा आणि पायवाटांच्या अधिकृत नोंदीचा कायदा आला. २००० च्या कायद्यानं डोंगर, माळ आणि सार्वजनिक कुरणांवर वाट सोडूनही हिंडण्याचा हक्क दिला. आणि २००२ मध्ये, किंडरच्या सत्तराव्या वर्षी, ज्याच्या पूर्वजांची ती जमीन होती त्या डेव्हनशरच्या ड्यूकनं भर सभेत त्या घटनेबद्दल माफी मागितली.

इथे मूळ तत्त्व लक्षात घेण्यासारखं आहे. लोक एखाद्या वाटेनं २० वर्षं, विनापरवानगी, उघडपणे आणि अडथळ्याविना जात राहिले, तर ती सार्वजनिक झाली असं कायदा मानतो, जमीनमालकानं तसा हेतू नसल्याचं दाखवलं नसेल तर. आणि एकदा सार्वजनिक झालेली वाट नुसती वापरात नाही म्हणून मरत नाही. अडचण नोंदीची आहे. जुन्या नकाशांत असलेल्या पण अधिकृत नोंदीतून सुटलेल्या वाटा रॅम्बलर्सच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या जुने आणि नवे नकाशे शेजारी ठेवून शोधल्या. २०२० मध्ये आकडा निघाला ४९ हजार मैलांहून जास्त. त्यांची नोंद करण्यासाठी घातलेली मुदत रद्द करण्याचा निर्णय सरकारनं २०२४ च्या अखेरीस जाहीर केला. म्हणजे गट चालतो तेव्हा तो नुसता फिरत नसतो. मोडकं फाटक, पडलेली पाटी, वाटेवर वाढलेलं पीक याची खबर तो स्थानिक कौन्सिलला कळवतो, आणि वाट चालू आहे याचा जिताजागता पुरावाही तोच असतो.

एक उणीव मात्र उघडी आहे. या गटांत आपल्या रंगाची माणसं कमी दिसतात. सरकारसाठी २०१९ मध्ये झालेल्या निसर्गक्षेत्रांच्या पाहणी-अहवालानंही हे मान्य केलं की अनेक समाजांना हा ग्रामीण भाग आपला वाटत नाही. स्लाव, रेडिंग, लंडनमध्ये मराठी कुटुंबं आहेत, आणि हॅम्बल्डन तिथून काही लांब नाही. मुलांकडे सहा महिने राहायला गेलेल्या आई-बाबांचे दिवस तर पुष्कळदा चार भिंतींतच जातात. रॅम्बलर्सच्या गटांबरोबर सदस्य न होता तीन वेळा मोफत चालता येतं. वाटेवर जायला नागरिकत्व लागत नाही.

आता आपल्याकडे पाहू. १८८२ चा वहिवाटीचा कायदा इंग्रजांनीच इथं आणला आणि २० वर्षांची अट त्यातही आहे. पण त्याचा मुख्य भर एका मालकाचा दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्याचा खाजगी हक्क यावर आहे. सार्वजनिक पायवाटांची देशभर अधिकृत नोंद करून ती राखायची, असं इथं झालं नाही. तरी आपले हात रिकामे नाहीत. महाराष्ट्रातल्या गावनकाशात तुटक दुहेरी रेषा म्हणजे गाडीमार्ग आणि तुटक एकेरी रेषा म्हणजे पायमार्ग. या पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरलेली आहे, इंग्लंडच्या मीटरभर पट्टीपेक्षा कितीतरी जास्त. १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली अडवलेली वाट मोकळी करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून नवी वाटही मागता येते. प्रत्यक्षात पाणंदीवर दोन्ही बाजूंनी नांगर सरकत जातो, वाट बांधाएवढी उरते, आणि भांडण दोन भावकींचं म्हणून बाकीचं गाव गप्प बसतं.

माझं स्पष्ट मत आहे की पाणंद ही दोन शेजाऱ्यांच्या भांडणाची बाब नाही, ती अख्ख्या गावाची मालमत्ता आहे, आणि गावानं एकत्र चालल्याशिवाय ती परत मिळणार नाही. गावनकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. ती काढा, तुटक रेषा शोधा, गावातल्या जाणत्या म्हाताऱ्यांना बरोबर घ्या आणि एका रविवारी दहा-वीस जणांनी मिळून त्या वाटेनं चालून या. जिथे वाट अडलेली दिसेल तिथे फोटो काढा, गट नंबर लिहून घ्या आणि सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज तहसीलदारांकडे द्या.